दुःखितांच्या घरीं काय घेऊन जावें?

मंडळींतील एखादें जुनें, सर्वांच्या प्रीतीचें माणूस प्रभूमध्यें निजलें म्हणजे त्याच्या घरीं समाचारास जाण्याचा आपला रिवाज आहे, आणि तो चांगला आहे. परंतु उंबरठ्यापाशीं आल्यावर पुष्कळांचे पाय अडखळतात. काय बोलावें तें सुचत नाहीं. मग कोणी "देवाची इच्छा" एवढें म्हणून मोकळा होतो. कोणी मृताची इतकी स्तुति करितो कीं घरच्यांसहि तें माणूस ओळखूं येऊं नये. आणि कोणी जातच नाहीं. तेव्हां शोकग्रस्तांचें आपण खरोखर काय देणें लागतों, हा प्रश्न शांतपणें विचार करण्यासारखा आहे.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, दुःखाचें कारण सांगणें हें सांत्वन नव्हे. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री भुईवर मुकाट्यानें बसून राहिले. तितकें त्यांनीं बरें केलें. पुढें तोंड उघडून हें संकट कां आलें तें ते समजावूं लागले, तेव्हां त्यांचें सांत्वनच ईयोबाला जड झालें. "रडूं नका" असें म्हणण्याचीहि आपण घाई करूं नये. नाईन गांवच्या विधवेस प्रभूनें तसें सांगितलें हें खरें. पण तिचा पुत्र तिला परत देण्याचें सामर्थ्य त्याच्या हातीं होतें. आणि लाजराच्या कबरेकडे जातांना तो स्वतःच रडला.

मग आपल्या हातीं काय आहे? यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिच्या मरणाची हकीकत प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 9 यांत आहे. पेत्र माडीवर आला तेव्हां विधवा रडत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या, आणि दुर्कस जिवंत असतांना जे अंगरखे व जीं वस्त्रें करीत असे तीं त्याला दाखवूं लागल्या. तिच्या थोरवीवर कोणी भाषण केल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. पुढें जें घडलें तें देवाचें काम होतें. परंतु त्या विधवांनीं जें केलें तें गरिबांतल्या गरिबासहि करितां येण्याजोगें आहे.

मनुष्याचें आयुष्य एका घरांत मावत नाहीं. मास्तरांच्या मुलीनें त्यांस फळ्यापुढें उभे असलेले कदाचित् कधींच पाहिलेलें नसतें; तें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेलें असतें. म्हाताऱ्या सुईणीनें कोणत्या पावसांत, कोणत्या वस्तीवर, कंदील घेऊन रात्र काढिली हें तिच्या लेकरांस ठाऊक नसतें. तें त्या वस्तीवरील बाईस ठाऊक असतें. आयुष्याचा हा भाग शेजाऱ्यापाशीं ठेव म्हणून राहतो. माणूस गेलें कीं त्या ठेवीचे धनी घरचे. ती त्यांस न देतां आपणापाशींच ठेविली, तर आपल्याबरोबर ती मातींत जाईल. म्हणून आठवण सांगणें हा उपकार नव्हे; ती परतफेड आहे.

मात्र परत करावयाची ती ठेव खरी असावी. रेव्ह. नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजीं वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीं "स्मृतिचित्रें" 1934 पासून पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, हातीं पैसा न टिकणें आहे, आणि घरीं न सांगतां निघून जाणेंहि आहे. तें वाचून आदर कमी होत नाहीं; उलट, हा मनुष्य आपल्याच ओसरीवर येऊन बसला आहे असें वाटतें. अर्थात् असें लिहिण्याचा अधिकार जिनें त्यांच्याबरोबर संसार केला तिचा. शेजाऱ्यानें ताज्या दुःखांत दोष काढूं नयेत. पण नव्हते ते गुणहि चिकटवूं नयेत. खोट्या स्तुतीनें घरच्यांचें माणूस दुसऱ्यांदा हिरावून घेतलें जातें. जें चांगलें आपण डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच सांगावें. तें लहान असलें तरी पुरे.

आणखी एक गोष्ट. मातीच्या दिवशीं घर माणसांनीं भरलेलें असतें. दोन महिन्यांनीं ओसरी रिकामी पडते, आणि घरच्यांस वाईट वाटेल म्हणून गेलेल्याचें नांवहि कोणी काढीत नाहीं. पण नांव घेतल्यानें दुःख येतें असें नव्हे. तें तेथें आहेच. नांव न घेतल्यानें मात्र तें एकट्यानें वाहावें लागतें.

तेव्हां प्रिय वाचकहो, अशा घरीं जाल तेव्हां मोठें बोलणें जमवीत बसूं नका. त्या माणसानें कोठें, केव्हां, काय केलें, अशी एकच खरी आठवण घेऊन जा. ती सांगा, आणि मग घरचीं माणसें बोलूं लागलीं तर ऐकत बसा. प्रवास होत नसेल तर चार ओळी लिहून पाठवा. आणि पेरणी उरकल्यावर, गांव आपापल्या कामाला लागल्यावर, त्या ओसरीवर पुन्हां एकदां जा.