अर्ज मागविणाऱ्याची अमानत

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी स्वतः त्या गावात आले होते. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे, चेहरा, पत्ता, जन्मतारीख हे सारे यंत्राच्या स्वाधीन करण्याच्या एका मोठ्या पर्वाची सुरुवात या आदिवासी जिल्ह्यातून झाली. आज शिष्यवृत्ती असो, हजचा अर्ज असो, लाडकी बहीण योजना असो की एखाद्या बैतुलमालकडे केलेली मदतीची विनंती असो, मोबाईलवर अर्ज भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. तेव्हा प्रश्न असा पडतो की, दुसऱ्याची माहिती आपल्या हाती येते म्हणजे नेमके काय येते? केवळ आकडे आणि अक्षरे, की शरीअत जिला अमानत म्हणते ती वस्तू?

अमानत म्हटले की दागिने, पैसा किंवा जमिनीची कागदपत्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या शब्दाची व्याप्ती फार मोठी सांगितली आहे. अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविलेल्या एका हदीसचा आशय असा की, एखादा माणूस काही बोलून आजूबाजूला वळून पाहू लागला, तर त्याचे ते बोलणे अमानत ठरते. ‘कोणाला सांगू नका’ असे त्याने म्हणण्याचीही गरज नाही. त्याची वळलेली मान पुरेशी आहे. ह. अनस (रजि.) लहान असताना प्रेषितांनी त्यांना एका कामावर पाठविले. घरी उशीर झाला म्हणून आईने कारण विचारले, तेव्हा ते गुपित असल्याचे त्यांनी सांगितले. त्या मातेनेही खोदून विचारले नाही. उलट हे गुपित कोणापाशीही उघड करू नकोस, अशी ताकीद मुलाला दिली. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याला मात्र मान वळवून पाहण्याचीही सोय नसते. पडद्यापलीकडे कोण आहे, किती जण आहेत, हे त्याला दिसतच नाही. म्हणून त्याच्या वतीने आजूबाजूला पाहण्याची जबाबदारी अर्ज मागविणाऱ्यावर येते.

फिक्हच्या ग्रंथांत ‘वदीअत’ म्हणजे ठेवीचे प्रकरण स्वतंत्रपणे येते. ठेव सांभाळणाऱ्याचा दोष नसताना ती नष्ट झाली तर भरपाई त्याच्यावर नाही; मात्र त्याने हलगर्जीपणा केला असेल तर आहे. हलगर्जीपणा कशावरून ठरवायचा? यासाठी फुकहांनी ‘हिर्ज’ ही कल्पना वापरली. ज्या वस्तूला लोकरीतीने जशी सुरक्षित जागा योग्य मानली जाते, तशाच जागी ती ठेवली पाहिजे. गुरांना गोठा, धान्याला कणगी, सोन्याला तिजोरी. सोने अंगणात ठेवून ‘चोराने नेले, माझा काय दोष?’ असे म्हणता येत नाही. माझ्या मते माहितीचा आजचा हिर्ज म्हणजे ती कूटबद्ध करणे, ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात. ते साधन सहज उपलब्ध असताना न वापरणे हा हलगर्जीपणाच होय.

हा विषय मुस्लिमांना परका नाही. नवव्या शतकात बगदादमधील अल-किंदी यांनी गुप्तलेख उलगडण्याविषयी लिहिलेला ग्रंथ या शास्त्रावरील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना मानला जातो. एन्क्रिप्शनचे तत्त्व समजण्यासाठी मशिदीतील चंद्याची पेटी आठवावी. फटीतून पैसे कोणीही टाकू शकतो, काढू शकतो तो किल्लीवालाच. आधार नोंदणीत माहिती यंत्रावरच अशी कुलूपबंद होते आणि ती भरणाऱ्या ऑपरेटरलाही पुन्हा उघडता येत नाही, असे आधार प्राधिकरण सांगते. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह मात्र एवढीच हमी देते की, माहिती वाटेत कोणी वाचणार नाही. मुक्कामी पोचल्यावर ती पेटीत पडते की उघड्या तक्त्यात, हे त्या चिन्हावरून कळत नाही.

आणि कुलूप चांगले असले तरी माणसाच्या सवयीचे काय? २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरात प्राधिकरणानेच मान्य केले की, केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक झळकले होते. त्यासाठी कोणी कुलूप फोडले नव्हते. यादी भिंतीवर लावण्याची सवय जुनीच होती, भिंत तेवढी बदलली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरविले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपल्या संस्थांचे काय? रमजान जवळ आला की जकातीच्या मदतीसाठी ऑनलाइन अर्ज मागविले जातात. विधवा आहात काय, कर्ज किती, आजार कोणता, घरात कमावते कोण? उत्तरे एका तक्त्यात जमा होतात, तक्त्याची लिंक समितीच्या गटात जाते आणि लिंक असलेला कोणीही तो उघडू शकतो. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत गरजूंना गुप्तपणे देणे अधिक चांगले म्हटले आहे, तर २७३ व्या आयतीत अशा गरजूंचे वर्णन आहे, ज्यांच्या स्वाभिमानामुळे अनोळखी माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण आपण देणाऱ्याच्या निष्ठेसाठी सांगतो. घेणाऱ्याची अब्रूही त्यातच झाकली जाते. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे शेजारणीलाही आपली चूल कळू दिली नाही, तिचे कर्ज चाळीस मोबाईलांवर पोचले, तर तिला मिळालेल्या धान्याने ते भरून निघेल काय? शिवाय आजाराचे नाव किंवा आधारची प्रत खरोखर लागते काय, हेही आधी तपासावे. जे मागितलेच नाही, त्याच्या रक्षणाची चिंताही नसते.

काहीजण म्हणतात, ‘सगळे आपलेच बांधव आहेत, अविश्वास कशाला?’ उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही प्रेषितांची शिकवण तिर्मिजीत आहे. उंट बांधणे हा शेजाऱ्यावर आरोप नसतो. कुलपाआड गुन्हेगारही लपतो, हा आक्षेप खरा आहे; पण म्हणून कोणी घरांची दारे काढून टाकीत नाही.

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा आहे. प्रेषितांनी (स.) मक्का सोडली तेव्हा लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले, आणि त्या ठेवी जिवावर उठलेल्या शहरातल्या होत्या. माहिती दागिन्यासारखी परत देता येत नाही. काम संपताच ती पुसून टाकणे हीच तिची परतफेड. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेतू संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन आहे, आणि सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्यांचा अर्ज नामंजूर झाला, त्यांची माहिती ठेवण्यास तर निर्णयाच्या दिवसानंतर काहीच कारण उरत नाही; तरी पुष्कळदा त्याच नोंदी सर्वांत जास्त काळ पडून राहतात, कारण त्या पुन्हा कोणी उघडून पाहतच नाही.