कोऱ्या कार्डावरची कथा

एखादा मनुष्य दवाखान्यात बसून म्हणतो, "लोक माझ्यावर पाळत ठेवतात, मला इथून हाकलून देऊ पाहतात." समोरच्या तज्ज्ञाने हे बोलणे कशाखाली नोंदवावे? आजाराचे लक्षण म्हणून, की घडलेल्या अन्यायाची साक्ष म्हणून? वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न वरकरणी वैद्यकीय वाटतो. परंतु तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे, आणि मनोविकारांच्या संशोधनाने त्याचे उत्तर अनेकदा बोलणाऱ्याचा वर्ण व वंश पाहून दिलेले आहे.

अल्जिरियाचे उदाहरण आपल्याला विशेष जवळचे आहे, कारण तेथील रुग्ण मुसलमान होते. फ्रेंच राजवटीत अल्जिअर्स येथे मनोविकारतज्ज्ञांची एक विचारधारा उदयास आली. तिचे प्रवर्तक आंत्वान पोरो यांनी १९१८ मध्ये 'मुस्लिम मनोविकारशास्त्रा'वर टिपणे प्रसिद्ध केली. उत्तर आफ्रिकेतील मुसलमान हा बालबुद्धीचा आणि भोळसट असतो, असे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले. ज्यांच्या जमिनी हिरावल्या गेल्या होत्या, त्यांच्या संतापालाही ही मंडळी उपजत हिंसकपणा म्हणत. जुलूम करणाऱ्याला याहून सोयीचे शास्त्र कोणते असेल?

१९५३ मध्ये फ्रान्झ फॅनन हे डॉक्टर अल्जिअर्सजवळच्या ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. ते मार्टिनिक बेटावर जन्मलेले कृष्णवर्णीय होते, मुसलमान नव्हते. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात त्यांनी सभा, चित्रपट, रुग्णांचे वृत्तपत्र असे उपक्रम सुरू केले आणि त्यांना चांगला प्रतिसाद मिळाला. तेच उपक्रम मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात साफ फसले. पोरोंच्या अनुयायांनी लगेच रुग्णांच्या बुद्धीकडे बोट दाखवले असते. फॅनन आणि त्यांचे सहकारी झाक अझुले यांनी मात्र १९५४ मध्ये लिहिले की चूक उपचार करणाऱ्यांची होती. रुग्णांची भाषा, त्यांचे सण, त्यांची बसण्याउठण्याची रीत यांतले काहीही जाणून न घेता परक्यांचे जीवन त्यांच्यावर लादले गेले होते. पुढे वॉर्डात स्थानिक पद्धतीचे कॉफीगृह उघडले, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, कथेकरी येऊ लागला.

याहूनही बोलका अनुभव १९५६ चा आहे. रुग्णाला चित्रे दाखवून त्यांवरून कथा सांगायला लावणारी एक प्रसिद्ध चाचणी आहे. ती अल्जिरियन मुस्लिम स्त्रियांना दिली, तेव्हा त्या अडखळल्या. चित्रांतली घरे, माणसे, वस्तू सारे परके होते. या स्त्रियांना कल्पनाशक्तीच नाही, असा निष्कर्ष एखाद्याने सहज काढला असता. पण त्या संचात एक कार्ड कोरे असते. ते हाती येताच त्याच स्त्रियांनी भरघोस, सुसंगत कथा सांगितल्या. कल्पनाशक्ती होतीच, चाचणीच्या चित्रांत तिला जागा नव्हती.

ही केवळ साम्राज्यकाळाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल या शहरांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीयांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण तेथील गोऱ्यांच्या सुमारे नऊपट आढळले. दोष रक्तात असता, तर तो त्यांच्या मूळ बेटांवरही दिसायला हवा होता. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस येथील अभ्यासांत प्रमाण इतके वाढलेले नव्हते. दक्षिण लंडनच्या २००१ मधील एका अभ्यासात तर असे दिसले की गौरेतर लोक ज्या वस्तीत संख्येने कमी, तेथे त्यांच्यात हा आजार अधिक. माणूस एकटा पडला, रोजचा अपमान झेलताना पाठीशी कोणी उरले नाही, तर मनावर काय परिणाम होतो, याचा विचार या आकड्यांनी करायला लावला. काही तज्ज्ञांना वाटते की निदान करणाऱ्यांचा पूर्वग्रहही आकडा फुगवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

नेमका येथेच आपल्याला तोल सांभाळावा लागतो. अन्याय खरा आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, झोप लागत नाही, आप्तही शत्रू वाटतात, तो आजारी आहे आणि त्याला औषधाची गरज आहे. पण तो आजारी आहे म्हणून त्याच्यावर झालेला अत्याचारही खोटा ठरत नाही. हदीसनुसार ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्या कर्मांची नोंद तो सावरेपर्यंत होत नाही. त्याची जबाबदारी उचलली गेली आहे. त्याचा हक्क नव्हे. कुरआनच्या 'हुजुरात' या अध्यायात उपहास, वाईट नावे ठेवणे आणि निराधार संशय यांची मनाई आधी येते. माणसांना परस्परांची ओळख पटावी म्हणून कुळे व वंश निर्माण केल्याचे त्यापुढे सांगितले आहे. पोरोंच्या टिपणांत नेमका निराधार संशयच शास्त्राचा पोशाख घालून बसला होता.

आपल्या घरांतही अशा माणसाचे बोलणे ऐकून घेतले जाते का? "इमान कमजोर झाले", "बाहेरचे काही आहे" असे म्हणून आपण विषय संपवतो. मुलाला नावावरून किंवा दाढीवरून कोणी हिणवले असेल, कोणा मुलीच्या वाट्याला त्याहून भयंकर काही आले असेल, तर ते डॉक्टरांसमोर बोलायला आपण संकोचतो. मग डॉक्टरांच्या कागदावर उरतात ती केवळ लक्षणे.

आणि हिणवणारा नेहमी बाहेरचाच असतो असेही नाही. बुखारी संग्रहात माननीय अबू जर (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना बजावले की तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे. अबू जर (रजि.) यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितला आहे. पुढे रबजा येथे एका माणसाला ते आणि त्यांचा गुलाम सारखीच वस्त्रे ल्यालेले दिसले आणि त्याने कारण विचारले, तेव्हा.