दहावी-बारावीचा ताण आणि पालकाची जागा

महाराष्ट्रातल्या मुलांवरचा शाळेचा ताण नववी ते बारावी या चार वर्षांत सर्वाधिक असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मूल सहसा पुढच्या वर्गात जात राहते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या टप्प्यावर यात बदल करण्याची मुभा राज्यांना दिली, तरी नापास होण्याची खरी भीती बहुतेकांना नववीतच कळते. पाठोपाठ दहावी येते. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली, तरी दहावीचे वर्ष नववीच्या सुट्टीतल्या व्हेकेशन बॅचपासूनच सुरू झालेले असते. शाळा, क्लास, टेस्ट सिरीज, पूर्वपरीक्षा अशी रांग लागते आणि बारावीत तिच्यात नीट, जेईई किंवा सीईटीची भर पडते. या काळात मुलाला शिकवणारे, तपासणारे आणि त्याचा क्रमांक लावणारे लोक पुष्कळ असतात. आई-वडीलही त्याच कामाला लागले, तर तपासणारा आणखी एक माणूस वाढतो आणि पालकाची जागा रिकामी पडते. मुलाला ताण पेलायला मदत करायची, तर आधी ही जागा भरावी लागते.

ताण मुळात शत्रू नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकायचे काम अवघड असेल, तर उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेल्यावर शिकणे मंदावते, असे त्यांना आढळले. माणसांच्या बाबतीतही ढोबळमानाने हेच दिसते. परीक्षेच्या विचाराने थोडी धडधड झाली, तर मूल पुस्तक उघडते. ती वाढत गेली, तर पुस्तक समोर असूनही अक्षर डोक्यात शिरत नाही. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या काही क्षण मनात धरून ठेवाव्या लागतात. ‘कमी पडले तर काय’ हा विचार तीच जागा अडवतो. घरी सहज सुटलेले उदाहरण पेपरात चुकते, ते अनेकदा यामुळे. पालक त्याला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात आणि आणखी लक्ष देण्याची ताकीद देतात. त्या ताकिदीने काळजी वाढते आणि चूक पुन्हा होते.

हा ताण येतो कुठून? अभ्यासक्रम मोठा आहे, हे त्याचे एक कारण. पण ज्या अभ्यासाने एक मूल फक्त थकते, त्याच अभ्यासाने दुसरे मूल कोलमडते. हा फरक बहुधा गुणांना चिकटलेल्या अर्थामुळे पडतो. कुठे गुण म्हणजे क्लासच्या फीसाठी काढलेल्या कर्जाची परतफेड असते, कुठे वडिलांचे राहून गेलेले डॉक्टर होणे असते, तर कुठे चुलतभावाच्या टक्क्यांना द्यायचे उत्तर असते. असा अर्थ उघडपणे सांगावाही लागत नाही. ‘तुझ्यासाठीच सगळं चाललंय’ एवढे वाक्य पुरते. नापास झालो तर एक वर्ष जाईल, ही भीती मुलाला पेलता येते. नापास झालो तर या घरातली आपली किंमत जाईल, ही भीती पेलत नाही. पहिल्या भीतीवर अभ्यास हा उपाय आहे, दुसरीवर केवळ घराचे वागणे.

ताणाखालचे मूल ‘मला ताण आलाय’ असे क्वचितच म्हणते. पेपरच्या सकाळी पोट दुखते, वारंवार डोके धरते, झोप लागत नाही किंवा संपत नाही. आवडीचा खेळ सुटतो, मित्र कमी होतात, जेवणाच्या ताटावर शब्दाला शब्द लागतो. मुलींचा ताण रडण्यातून आणि मुलांचा चिडण्यातून बाहेर पडतो, असे मानून चिडणाऱ्या मुलाला उद्धट ठरवले जाते. पोटदुखीला नाटक म्हटले जाते. तपासणीत शारीरिक कारण सापडले नाही, तरी ते दुखणे खरेच असते. कोणत्याही एका लक्षणापेक्षा दोन-तीन आठवडे टिकलेला बदल अधिक महत्त्वाचा असतो.

मदतीची सुरुवात झोपेपासून करावी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे अकराला झोप न येणारे मूल आळशी नसते आणि पहाटे चारला उठवलेले मूल ताजे नसते. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेत चालते. म्हणून रात्रीचे जागरण हा बहुतेक वेळा अभ्यासाचा तोटाच ठरतो. झोपेच्या आधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा नियम उपयोगी आहे, पण तो आई-वडिलांनाही लागू असेल तरच टिकतो.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या तासांची. मूल टेबलाशी किती वेळ बसले यावरून अभ्यास मोजण्याची सवय घरोघरी आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या अभ्यासात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो मिटून आठवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. पुन्हा वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला चांगले येते असे वाटत होते. म्हणजे पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलेले मूल कदाचित खरा अभ्यास करत असते आणि चार तास पान न सोडणारे मूल केवळ धीर गोळा करत असते. पालकाने तास मोजणे सोडले, तर मुलाला बसल्याचे सोंग करावे लागत नाही आणि खेळायला गेल्याबद्दल अपराधीही वाटत नाही. पालकाला अभ्यासात भाग घ्यायचाच असेल, तर ‘आज काय शिकलास, मला सांग’ एवढे म्हणून ऐकत बसणे पुरेसे आहे. मुलाने समजावून सांगणे हेही आठवणेच असते.

तिसरी गोष्ट बोलण्याची. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले अपयशानंतर लवकर खचली आणि मेहनतीची दाद मिळालेली मुले टिकून राहिली. हुशारीचे कौतुक मुलाला आवडते, पण ती हुशारी पुढच्या पेपरात सिद्ध करण्याचे ओझेही देते. म्हणून कौतुक मुलाने केलेल्या कामाचे करावे: न आलेला धडा पुन्हा काढला, शिक्षकांना शंका विचारली, चुकलेले प्रश्न वहीत उतरवले. तुलना पूर्णपणे टाळावी. शेजारच्या मुलीचे टक्के ऐकून कोणाचेही बीजगणित सुधारत नाही. लातूर, नांदेड किंवा कोट्याला क्लाससाठी राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे सगळे फोनवर साधावे लागते. तिथे पहिला प्रश्न कोणता, यावरून मुलाला आपले घरातले स्थान कळते. ‘टेस्टमध्ये किती पडले?’ हा प्रश्न क्लासने आधीच विचारलेला असतो. ‘जेवलास का, झोप झाली का?’ हे फक्त घर विचारू शकते.

चौथी गोष्ट माहितीची. निकाल म्हणजे आयुष्याचा शेवटचा दरवाजा, हा समज भीतीला खतपाणी घालतो आणि तो खरा नाही. २०२५ मध्ये राज्यात दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. जे राहतात त्यांच्यासाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले, तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश घेता येतो. गुण कमी वाटले, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन हे मार्ग आहेत. उत्तीर्णांना श्रेणीसुधाराची संधी आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि आयटीआय आहेत, शाळा सुटलेल्यांसाठी खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यालय आहे. हे सर्व निकालानंतर सांत्वन म्हणून सांगितले, तर मुलाला ती हार वाटते. परीक्षेच्या बऱ्याच आधी, शांत वेळी, मुलाबरोबर कागदावर मांडले, तर तो नकाशा होतो. निकालाच्या दिवशी काय करायचे हेही आधी ठरवावे: निकाल मुलाने स्वतः पाहावा, नातेवाइकांचे फोन पालकांनी घ्यावेत आणि त्या दिवशी मूल एकटे राहू नये.

काही वेळा मात्र घरची समजूत पुरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते, त्यामुळे हे सारे मृत्यू परीक्षेच्या माथी मारता येत नाहीत. पण त्यांतला एकही मृत्यू अटळ मानता येत नाही. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे शब्द, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, स्वतःला इजा करणे, खूप अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता यांपैकी काही दिसले, तर मुलाला सरळ विचारावे: ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे; विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर उपदेश न करता ऐकावे, मुलाला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि औषधे घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. परीक्षेच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे क्रमांकही जाहीर करते.

पालकाच्या हातात सर्व काही नाही, हेही मान्य केले पाहिजे. चांगल्या जागा थोड्या आणि इच्छुक अनेक, ही परिस्थिती कोणत्याही घराने निर्माण केलेली नाही. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, अशी केंद्राची जानेवारी २०२४ ची मार्गदर्शक सूचना आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. या दोन्हींची अंमलबजावणी शाळेच्या पालकसभेत मागणे हेही मुलाला केलेली मदतच आहे.

वर सांगितलेल्या कामांपैकी एकालाही पालक शिकलेला असण्याची अट नाही. मूल घराण्यातले पहिलेच दहावीला बसलेले असेल, तर आई-वडिलांना त्याचे गणित तपासता येत नाही. पण त्याची झोप राखणे, त्याचे ऐकणे, पुढचे मार्ग विचारून ठेवणे आणि निकाल काहीही लागला तरी त्याला त्याच मायेने जेवायला बोलावणे त्यांना पूर्ण जमते. गणित तपासायला शिक्षक आहेत. ही कामे पालकाने केली नाहीत, तर मुलासाठी ती दुसरे कोणी करत नाही.