४१ दिवसांचे स्वामी

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतला माझा तो पहिलाच नोव्हेंबर. आमच्या लेथवरचा मुरलेला ऑपरेटर एके सकाळी काळी वेष्टी नेसून, अनवाणी गेटवर आला आणि कालपर्यंत त्याच्यावर खेकसणारा सुपरवायझर त्याला चक्क ‘सामी’ म्हणाला. गड्यानं शबरीमलैच्या यात्रेची माळ घातली होती. आत सेफ्टी शूज सक्तीचे, म्हणून शिफ्टपुरते ते चढवायचे. भोंगा झाला की पुन्हा अनवाणी. ४१ दिवस दाढीला वस्तरा नाही, मांस-मद्य नाही, पहाटे गार पाण्याची आंघोळ आणि झोप जमिनीवर.

मी मनात म्हटलं, हे आपलं स्मशानवैराग्य. आळंदीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला संन्यास म्हणजे परतीची वाट बंद, एवढंच ठाऊक. विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेनं काशीहून संसारात परतले, त्याची शिक्षा चारही मुलांनी भोगली. संन्याशानं स्वतःचं श्राद्ध आधीच उरकलेलं असतं. मेलेला माणूस घरी येणार कसा?

पण मुदतीचं वैराग्यही तितकंच जुनं आहे. सोमयागाचा यजमान दीक्षा घेई. केस-नखं काढून, काळविटाचं कातडं घेऊन, मुठी मिटून यागशाळेत बसे. दुधावर राही, मोजकं बोले. याग आटोपला की अवभृथस्नान करायचं आणि घरी जायचं. त्याच्याबरोबर पत्नीलाही दीक्षा असे. आमच्या सामीची बायको चारला उठून सोवळ्यात स्वयंपाक करायची. तिला मात्र कोणी सामी म्हटलं नाही. ते मला अजून खटकतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी इरुमुडी, म्हणजे यात्रेचं गाठोडं, बांधताना त्यानं मला बोलावलं. नारळाचा डोळा फोडून पाणी काढलेलं होतं. थेंबही न सांडता त्यानं आत तूप ओतलं, बूच घट्ट बसवलं. वर देवळात त्या तुपाचा अभिषेक होतो, रिकामी करवंटी आगीत जाते. १८ पायऱ्या चढून गेल्यावर देवळावर छांदोग्य उपनिषदातलं महावाक्य लिहिलेलं दिसतं: ‘तत्त्वमसि’, ते तूच आहेस. भक्ताला देवाच्याच नावानं हाक का मारतात, ते तिथं कळतं.

जानेवारीत तो गुळगुळीत दाढी करून, चपला घालून कामावर आला. मी सवयीनं ‘सामी’ म्हणालो.

“आता नाही, सार,” तो म्हणाला. “आईनं काल माळ उतरवली.”