नकार ऐकण्याचं शिक्षण

वर्धा जिल्ह्यातलं सिंदी (रेल्वे) तान्ह्या पोळ्यासाठी ओळखलं जातं. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून निघतात. गाय-बैलांच्या भोवती फिरणाऱ्या या मुलखात जनावरांच्या प्रजननाविषयी बोलायला कुणालाच संकोच नाही. गाय माजावर आली, भरवून आणली, उलटली, गाभण राहिली, वार अडकली, हे सगळं जेवताना पोरासोरांदेखत बोललं जातं. त्याच घरात मुलीला पाळी आली की तिला कावळा शिवतो आणि सगळ्यांचे आवाज खाली जातात.

तेव्हा ‘मुलांना हे आत्ताच कशाला सांगायचं’ ही शहरी काळजी इथे तरी फोल आहे. शरीराची क्रिया त्यांनी गोठ्यात पाहिलेली असते. दोन माणसांनी एकमेकांशी वागायचं कसं, हे मात्र गोठ्यात दिसत नाही. आणि आपला लैंगिक शिक्षणाचा वाद गेली शंभर वर्षं नेमका हा भाग वगळून चालला आहे.

वादाची सुरुवात मुंबईत झाली. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. या कामापायी ती नोकरी सुटली. जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं आणि 1953 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते चाललं. वाचक पत्रं पाठवून अडचणी विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्यांतल्या काही उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. कर्व्यांचं म्हणणं दुहेरी होतं. एक, ज्ञान लपवल्यानं रोग आणि नको असलेली बाळंतपणं वाढतात. दोन, कामसुखावर स्त्रीचा हक्क पुरुषाइतकाच आहे. पुढे सरकारनं आणि समाजानं पहिलं म्हणणं स्वीकारलं. दुसरं सोयीस्करपणे बाजूला ठेवलं.

वादाची दुसरी बाजू मांडली गेली ती सिंदीपासून रेल्वेनं तासाभराच्या आत असलेल्या वर्ध्यात. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला मगनवाडीत आल्या. सँगरबाईंचं म्हणणं साधनं द्या, गांधीजींचं म्हणणं संयम शिकवा. दोघांचं जमलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या संवादातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्त्रिया नवऱ्याला नकार द्यायला शिकल्या तर संततिनियमनाचा प्रश्नच उरणार नाही, अशा अर्थाचं गांधीजी बोलले होते. आज ज्याला आपण संमती म्हणतो, तिच्या इतक्या जवळ त्या काळात फार कमी लोक पोचले होते. मला खटकतं ते पुढचं. नकार द्यायची जबाबदारी त्यांनी बाईवर टाकली. तो नकार नवऱ्यानं ऐकायला कुठे आणि कधी शिकायचं, याचं उत्तर मगनवाडीत मिळालं नाही.

वर्षभरानं, नोव्हेंबर 1936 मध्ये, ‘हरिजन’मध्ये त्यांनी लैंगिक शिक्षणावर लिहिलं. वासनेवर ताबा मिळवायला शिकवणारं ज्ञान मुलांना दिलंच पाहिजे, ती चेतवणारं देऊ नये, आणि शिकवणारा स्वतः संयमी हवा, असा त्याचा मथितार्थ. ब्रह्मचर्याचा आग्रह बाजूला ठेवला तरी गांधीजी शाळेत हा विषय नको म्हणत नव्हते, ही नोंद करून ठेवण्यासारखी आहे. पुढे संस्कृतीच्या नावानं ज्यांनी विरोध केला, ते त्यांच्याही मागे गेले.

नंतरची काही दशकं हा विषय लोकसंख्येच्या खात्यात जमा झाला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, नसबंदीची शिबिरं आली. लग्न ठरल्यावर मुलाच्या हातात डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ ठेवलं की कर्तव्य झालं, असं मध्यमवर्ग मानू लागला. पुस्तक चांगलंच आहे, उशीर देणाऱ्यांचा. या सगळ्याचा हिशेब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसतो. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही नाही. ज्या घरात हे ओझं कुणी उचलायचं यावर बोलणंच होत नाही, तिथे ते कुणाच्या पोटावर येणार हे ठरलेलं असतं.

मौनाची किंमत आधीच कळली होती. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणी आणि अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सुमारे 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. अंगावरून पांढरं जातं, हे बाईचं नशीब म्हणून सोडून दिलेलं. राणीताईंची तरुण मुलामुलींसाठीची ‘तारुण्यभान’ शिबिरं याच अनुभवातून आली.

वर्धा जिल्ह्यातही काम झालं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं आंजी भागातल्या 23 गावांत किशोरवयीन मुलींसोबत पाळीविषयी आरोग्यशिक्षण केलं. तीन वर्षांनी पाहिलं तर पाळी येण्याआधीच तिची माहिती असलेल्या मुली 35 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर गेल्या होत्या. काम मोलाचं आहे, पण ते मुलींपुरतं होतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तसंच होतं. मुलग्यांचं काय? नागपूर पॅसेंजरच्या खिडकीतून ज्या भिंती दिसतात, त्यांवर धातुरोग, नामर्दी, बचपन की गलतियाँ यांच्या जाहिराती रंगवलेल्या असत. तेच त्यांचं क्रमिक पुस्तक. आता भिंतीची जागा मोबाइलनं घेतली. भिंत निदान फक्त घाबरवायची. मोबाइलवर जे दिसतं, त्यात बाई नाही म्हणतच नाही, आणि म्हणाली तरी कुणी थांबत नाही.

2007 मध्ये, केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला तेव्हा, त्यातल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि कर्व्यांच्या महाराष्ट्रानं लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. बंदीला पाठिंबा देणाऱ्यांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. माहितीनं मुलं बिघडतील असं आईबापांना मनापासून वाटतं. पण जगभरचे अभ्यास एकत्र करून युनेस्कोनं 2009 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये जे मांडलं, ते याच्या उलट आहे. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत. वळलीच तर जास्त काळजी घेतात.

याहून महत्त्वाचा मला 2015 चा संशोधक निकोल हेबरलँड यांचा आढावा वाटतो. त्यांनी लैंगिक शिक्षणाचे 22 कार्यक्रम तपासले. ज्यांत स्त्री-पुरुष समानता आणि नात्यातली सत्ता यांवर चर्चा होती, त्यांपैकी 80 टक्क्यांमध्ये लैंगिक आजार किंवा नको असलेली गर्भधारणा कमी झाली. ज्यांत नुसती माहिती होती, त्यांत हे प्रमाण 17 टक्के. म्हणजे कर्व्यांचं बाजूला ठेवलेलं दुसरं म्हणणंच पहिल्याला बळ देतं. पुढे संसार सुखाचा झाला का, हे मोजणारे अभ्यास मात्र थोडे आहेत. बहुतेकांची मोजपट्टी आजार आणि गर्भापाशीच थांबते. तरी ज्या जोडप्याला निरोधाबद्दल बोलता येतं, त्याला थकव्याबद्दल, नकोसेपणाबद्दल, दुखण्याबद्दलही बोलता येईल, एवढं मानायला हरकत नसावी.

सिंदीच्या किंवा कुठल्याही गावच्या शाळेत आज काय करता येईल? दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये तिसरा धडा आहे, सजीवांतील जीवनप्रक्रिया. प्रजननसंस्था, मासिक पाळी सगळं त्यात आहे. हा धडा आला की मागच्या बाकांवर खुसखुस होते, मुली वहीत डोकं घालतात, आणि सर सांगतात, ‘घरी वाचून घ्या, आकृती महत्त्वाची आहे.’ मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की यंदा तो धडा मुलामुलींना एकत्र बसवून वर्गात शिकवा. शिक्षकांना अवघड वाटत असेल तर आरोग्य विभागाच्या मैत्री क्लिनिकमधून किंवा सेवाग्रामहून कुणाला बोलवा. आणि आकृती संपल्यावर एक तास मुलग्यांसाठी ठेवा: समोरची व्यक्ती नाही म्हणाली, तर आपण काय करायचं.