मधली कोरी जागा

रात्रीचे नऊ वाजलेत. पौषातली थंडी आहे. टेबलावर चार पुस्तकं आहेत, एकावर एक.

बसा. घाई नाही.

आधी फक्त नावं बघा. सगळ्यात खाली ‘ज्ञानेश्वरी’. तिच्यावर वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड. मग जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’. आणि वर, पातळसं, ‘चिंटू’.

ही चार एकत्र कशी, असा प्रश्न मनात आला तर येऊ द्या. उत्तर शोधायचं नाही.

श्वास घ्या. सोडा.

सोडून झाला की पुढचा येण्याआधी क्षणभर काहीच नसतं. तिथे थांबा.

आता वरचं पुस्तक हातात घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा चिंटू 1991 साली वर्तमानपत्रात आला. तीन-चार चौकटी, तेवढंच त्याचं घर.

समजा, एका चौकटीत बॅट उगारलेली आहे. पुढच्या चौकटीत सगळी पोरं पळताहेत.

काच कधी फुटली? ती कुठेच काढलेली नाही.

दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी आहे. नखाइतकीही रुंद नाही. तिच्यावर बोट ठेवा.

काच इथे फुटली. आवाज तुमच्या आत झाला.

ऐका. अजून थोडं ऐका.

आता ‘ज्ञानेश्वरी’. कुठलंही पान चालेल. एक ओवी हलक्या आवाजात म्हणा, स्वतःला ऐकू येईल इतकीच.

तीन चरण यमकाने एकमेकांना धरून येतात. चौथा आखूड. त्याला यमक नाही. आवाज तिथे अलगद खाली बसतो.

शके 1212 मध्ये, नेवाशाला, ही टीका पुरी झाली. जवळजवळ नऊ हजार ओव्या. प्रत्येकीच्या शेवटी ही एवढीशी बसायची जागा.

पुन्हा म्हणा. शेवटच्या अक्षरानंतर लगेच उठू नका.

श्वास घ्या. सोडा.

राजवाड्यांचा खंड जड आहे. मांडीवर घ्या. 1898 साली तो निघाला; आत 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत, पानिपतापर्यंतची.

छापील पानावर शब्द सुटे सुटे दिसतात. मोडी लिपीतल्या मूळ कागदावर ते तसे नसतात. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग रेघेखाली अक्षरं टांगत जातो. शब्द संपला तरी जागा सोडत नाही.

डोळे मिटा आणि ती ओळ बघा. काळी, सलग, वाहती.

जागा वाचणाऱ्याने करायची असते. तो जिथे थांबतो, तिथे एक शब्द सुटा होतो. मग दुसरा. एक नाव. एक गाव. पैशांची एक निकड. ही पत्रं वाचताना राजवाड्यांचं असं थांबणं मला त्यांच्या कुठल्याही निष्कर्षापेक्षा मोठं वाटतं. न कळलेल्या अक्षरापाशी माणूस बसून राहतो, आणि अक्षर हळूहळू बोलू लागतं.

तुम्हीही बसा. काही कळायला हवं असं नाही.

आता नारळीकरांचं पुस्तक उघडं ठेवा आणि खिडकीशी या. आग्नेयेकडे मृग आहे. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवत न्या. ती व्याधापाशी पोचते. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा.

बघा. तो लुकलुकतो आहे.

हा उजेड साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ चालत आला आहे. मधे सगळी कोरी जागा. काळी, थंड, न बोलणारी.

नारळीकर मे 2025 मध्ये गेले. आज तुमच्या डोळ्यांत उतरणारा उजेड निघाला, तेव्हा ते होते.

याच्यावर काही म्हणू नका. नुसते बघत राहा.

श्वास घ्या. सोडा.

परत टेबलाशी या. पुस्तकं एकावर एक रचू नका. उघडी आहेत तशीच असू द्या, शेजारी शेजारी.

चिंटूच्या पानावर ती पांढरी पट्टी अजून तिथेच आहे. बोट पुन्हा तिच्यावर ठेवा. पुढच्या चौकटीत आताच जाऊ नका.