मनगटावरची दोन बोटं

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आलात. आता बसा.

पाठीमागे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला दगड. समोर, खाली, नाशिक. हायवेचा आवाज इथवर येतोय. येऊ द्या.

धाप लागलीय. तीही आपोआप उतरू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवा, अंगठ्याच्या मुळाशी. हलकेच. दाबू नका.

लागली नाडी?

एक ठोका. मग पुढचा.

मोजू नका. नुसते सोबत राहा.

बोटांखालची ही धमनी दोन-तीन मिलिमीटर रुंद आहे. अँजिओग्राफीची बारीक नळी बहुतेकदा इथूनच आत जाते, थेट हृदयापर्यंत. रक्ताची वाट कुठे अरुंद झालीय, ते ती दाखवते. धमनीच्या भिंतीच्या आत काय चाललंय, ते मात्र तिला फारसं दिसत नाही.

तुम्ही मनाने त्या भिंतीपाशी जा.

तिथे कोलेस्टेरॉल साचतंय. ते खायला पांढऱ्या पेशी येतात. खातात, फुगतात, तिथेच मरतात. मेलेल्या पेशी उचलायला आणखी पेशी येतात आणि अडतात. कारण त्या मेलेल्या पेशींच्या अंगावर एक खूण असते : ‘मला खाऊ नकोस.’

ढीग वाढत जातो. सूज राहते.

श्वास घ्या. बोटं तिथेच असू द्या.

आता एका मिलिमीटरचे दहा लाख भाग मनात आणा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा मापाने मोजावे लागणारे कण रक्तात सोडले आहेत.

काही कण लोहाच्या ऑक्साइडचे. भिंतीतल्या पेशी ते गिळतात आणि एमआरआयमध्ये ती जागा काळी दिसते. मानेच्या धमनीतली सूज माणसांमध्ये अशी पाहिली गेली आहे.

काही कण म्हणजे कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या, औषध घेतलेल्या. स्टॅनफर्ड आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांतल्या संशोधकांचं हे काम, उंदरांवरचं, २०२० सालचं. कण रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशींत शिरतात. त्या पेशी सुजलेल्या भिंतीकडे निघालेल्याच असतात.

इथे थोडं थांबा.

भिंत कुणी खरवडत नाही. कुणी काही फोडत नाही. जी पेशी तिकडे जाणारच होती, तिच्याच हाती औषध दिलंय. या सगळ्यात मला हेच सर्वांत सुंदर वाटतं.

पेशी पोचते. औषधामुळे ‘खाऊ नकोस’ हा निरोप आता तिला थांबवत नाही. ती खाऊ लागते. ढीग हळूहळू कमी होतो.

तीच खूण शरीरभर निकामी केली, तर रक्तातल्या लाल पेशीही खाल्ल्या जातात आणि ॲनिमिया होतो. नेमक्या पेशीत शिरणाऱ्या कणांनी हे टळतं. २०२४ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगातही धमन्यांची सूज उतरली, ॲनिमिया झाला नाही.

पुन्हा एक ठोका. ऐका.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता बोटं उचला.

हा उपचार अजून दवाखान्यात पोचलेला नाही. म्हणून पायऱ्या चढताना छातीवर दडपण आलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसून राहू नका. लगेच १०८ ला फोन लावा.